घरात मुलांना वाचायला जागा कुठे आणि कशी करता?

चौथामजला | १४ जून, रात्री १०:५२

मंडळी, थोडं लांबलंय, पण वाचा आणि सुचवा.

मुलगी साडेपाच वर्षांची. आम्ही डोंबिवलीत, वन बीएचके. घरात आम्ही दोघं, ती, सासूबाई, आणि नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम (त्याला मी पाचवा माणूसच धरते). मुलगी अक्षरं जुळवून वाचायला लागली आहे. "क, म, ळ… कमळ!" असं ओरडून सांगते आणि मग त्याच पानावर पाच मिनिटं रेंगाळते. पुस्तक घेऊन बसायची तिला मनापासून आवड आहे. अडचण बसण्याचीच आहे. हॉलमध्ये सात वाजल्यापासून सासूबाईंच्या मालिका. बेडरूममध्ये नवऱ्याचे कॉल, तिथे खोकायचीही चोरी. स्वयंपाकघरात मी, कुकर आणि मिक्सर.

मे महिन्यात हौसेनं ऑनलाइन एक कापडी तंबू मागवला. अठराशे रुपये. आत उशा, बाहेरून दिव्यांची माळ. फोटो इतका छान आला की नणंदेनं पण मागवला. चार दिवस बाईसाहेब तंबूत. पाचव्या दिवशी बघते तर तंबूत बाहुल्यांचा दवाखाना आणि ही कुठे? चपलांच्या कपाटावर. आमच्या दाराच्या आत, भिंतीला लागून एक बुटकं कपाट आहे. त्याच्यावर सेफ्टी डोअरच्या जाळीला पाठ लावून, पाय वर घेऊन, पुस्तक गुडघ्यांवर. तेव्हापासून रोज तिथेच. दूधवाला आला की उठ, कुरियर आला की उठ, आजी देवळात निघाल्या की उठ. शिवाय चपला! मी तिला दहा वेळा तंबूत नेऊन बसवलं. दहा मिनिटांत परत कपाटावर.

तर प्रश्न असा. इतक्या जागेत तुम्ही मुलांसाठी वाचायला जागा कशी केलीत? खर्च फार नको, तंबूत एकदा हात पोळलेत.

पानोपानी | १४ जून, रात्री ११:२०

आधी एक विचारते. तंबूत पंख्याचं वारं लागतं का?

आमच्याकडे हुबेहूब हाच तंबू होता. दुपारी मी स्वतः आत जाऊन बसले तेव्हा कळलं. दोन मिनिटांत मानेवरून घाम. आणि त्या माळेच्या उजेडात चित्रं नुसती पिवळी दिसतात. मुलांना सांगता येत नाही की "आई, इथे उकडतंय", ती फक्त उठून जातात.

आम्ही शेवटी दिवाणाच्या आणि खिडकीच्या मधल्या दोन फुटांत एक जुनी दुलई चौघडी घालून टाकली. वर लोड. काम झालं. खर्च शून्य.

रोखठोक | १५ जून, सकाळी ७:०५

कोपरा-बिपरा सोडा. सातला टीव्ही बंद करा, अख्खा हॉल मोकळा. आमच्या लहानपणी कुणी तंबू आणून दिले नव्हते.

चौथामजला | १५ जून, सकाळी ८:४०

@पानोपानी, काल रात्री मी पण आत बसून पाहिलं. खरंच भट्टी आहे! हे मला महिनाभर सुचलं नाही याचं हसू येतंय.

@रोखठोक, सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. दिवसभर पोरीला सांभाळतात, शाळेत नेतात-आणतात. त्यांच्या वाट्याला दिवसात तेवढा दीड तास असतो. तो मी बंद करणार नाही. दुसरं काही असेल तर सांगा.

सुतारपक्षी | १५ जून, दुपारी १:३०

मी फर्निचरची कामं करतो, पुण्यात. मुलांच्या खोल्या बऱ्याच केल्या आहेत आणि त्यातल्या अर्ध्या "रीडिंग नुक"मध्ये आज इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. ज्यांनी करून घेतल्या त्यांनीच सांगितलंय.

ताई, तुमच्या मुलीनं जागा शोधलेली आहे. तिथे काय काय आहे ते बघा. पाठीला टेका आहे. जाळीतून जिन्याकडचं वारं येतं. उजेड मागून, खांद्यावरून पानावर पडतो, म्हणजे डोळ्यांत येत नाही आणि सावलीही पडत नाही. घरातली माणसं दिसतात, येणारा-जाणारा दिसतो. एवढं सगळं एका ठिकाणी असेल तर मी पण तिथेच बसेन. म्हणून नवी जागा करण्याआधी हीच जरा सुधारता येते का पाहा.

साधारण साडेपाच वर्षांच्या मुलाचा गुडघा जमिनीपासून दहा-अकरा इंचांवर असतो. चपलांचं कपाट सोळा-सतरा इंच असणार. म्हणून पाय लोंबकळतात, आणि म्हणूनच ती पाय वर घेते. पायाखाली एक पाट किंवा उलटी बादली ठेवून बघा. वर बसायला दोन इंची फोम, ३२ डेन्सिटीचा मागा, मऊ घेतलात तर महिन्यात चपटा होतो. नाहीतर घरातल्या जुन्या गादीतला कापूस पिंजून एक छोटी गादी भरून घ्या. आमच्याकडे तेच करतात. खोळ धुता येईल अशी चेनची.

कपाट भिंतीला एल अँगलनं पक्कं करा. हे मस्ट. मूल चढतं-उतरतं तेव्हा हलकं कपाट पुढे येतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. सेफ्टी डोअर आत उघडतं की बाहेर? आत उघडत असेल तर बिजागरीच्या बाजूला बसवू नका, बोटं सापडतात.

पुस्तकांसाठी मोठं शेल्फ नको. भिंतीवर दोन पट्ट्या मारा: १२ एमएम प्लाय, दोन फूट लांब, साडेतीन इंच खोल, पुढे दीड इंचाची पट्टी. पुस्तक कणा नाही, तोंड दाखवून उभं राहिलं पाहिजे. ज्याला अजून नाव वाचता येत नाही त्याला कणा काय सांगणार? वरची पट्टी जमिनीपासून तीन फुटांच्या वर नको. एका पट्टीवर चार-पाच पुस्तकं. बाकीची माळ्यावर, आणि आठ-पंधरा दिवसांनी अदलाबदल. सुताराला बोलवायचं नसेल तर मसाल्याच्या बाटल्यांची लाकडी मांडणी मिळते ना, तीच आडवी मारा. पण प्लग घालून, नुसत्या खिळ्यावर नाही.

आणि कळकळीची विनंती, इथे मुंबईकर बरेच आहेत म्हणून. खिडकीच्या बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये गादी टाकून मुलांना बसवू नका. इन्स्टावर फार गोड दिसतं. ती ग्रिल कुंड्यांसाठी ठोकलेली असते, चार पावसाळ्यांत वेल्डिंगला आतून गंज धरतो आणि बाहेरून रंग तसाच चकचकीत.

पानोपानी | १५ जून, दुपारी १:४८

बॉक्स ग्रिलचं वाचून पोटात गोळा आला. आमच्या समोरच्या विंगेत दोन मुलं रोज तशी बसतात. आज जाऊन सांगते.

डोळस | १५ जून, रात्री ९:१५

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. धागा माझ्या आवडीचा म्हणून थोडं सविस्तर.

"कमी उजेडात वाचू नको, डोळे जातील" असं आपल्या सगळ्यांना ऐकवलेलं आहे. तसे डोळे जात नाहीत. पण थकतात, आणि थकलेलं मूल पुस्तक नाकाशी नेतं. माझा आक्षेप त्या नाकाशी नेण्याला आहे. अंतर मोजायची सोपी युक्ती: मुलाची मूठ हनुवटीला लावा, कोपर पुस्तकावर टेकलं की झालं. प्रत्येक मुलाचं माप त्याच्याच हातात असतं, फूटपट्टी नको. खेळ म्हणून करवा, "कोपराचा पूल" वगैरे काहीही नाव द्या.

वाचायला साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड हवा. मोबाइलवर उजेड मोजायची मोफत ॲप असतात, अगदी काटेकोर नाहीत पण अंदाज येतो. दिवसा खिडकीजवळ सहज मिळतो. रात्री छतावरची ट्यूब आणि मूल ट्यूबकडे पाठ करून बसलेलं, तर स्वतःचीच सावली पानावर. अशा वेळी बाजूच्या भिंतीवर ९ वॅटचा एक एलईडी, शेडसकट. फक्त पुस्तकावर झोत आणि बाकी खोली काळोखात, असंही नको. लिहायला बसलं असेल तर उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून, डावखुऱ्याला उजवीकडून.

पालथं झोपून वाचलं तर चालतं का, हे सगळे विचारतात. पाच-दहा मिनिटं चालतं. नंतर मान दुखते म्हणून मूल डोकं एका हातावर टेकतं, मग एक डोळा पुस्तकाच्या जवळ आणि एक लांब. तिथे हलकेच उठवा. आणि वीसेक मिनिटं झाली की खिडकीतून लांब बघायला लावा, "समोरच्या गच्चीवर किती कावळे" इतकं पुरे.

आता जरा उलटं बोलतो. वाचायची जागा कितीही चांगली केलीत तरी मूल रोज बाहेर उघड्यावर खेळलं पाहिजे. लहानपणी चष्म्याचा नंबर लागण्याचा संबंध बाहेरच्या उजेडाशी आहे, हे आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. तैवाननं २०१० पासून शाळांमधून रोज १२० मिनिटं बाहेर घालवण्याचा कार्यक्रमच राबवला. आपल्याकडे दोन तास जमत नसतील तर निदान एक. वाचन त्यानंतर.

चौथामजला, तिची नजर एकदा तपासून घ्या. मिचकावणं, डोकं तिरपं करून बघणं असं काही नसलं तरीही, शाळा सुरू होताना एकदा तपासावीच.

चाळीतला | १६ जून, पहाटे ५:५०

वय वर्षे शहात्तर, त्यामुळे ही वेळ.

गिरगावात आमच्या दोन खोल्यांत नऊ माणसं होती. दिवसा सगळ्यांच्या गाद्या एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवलेल्या असत, वर एक चादर झाकलेली. ती चळत माझ्या छातीएवढी. मी खुर्चीवरून तिच्यावर चढायचो आणि छत आणि गाद्या यांच्या मधल्या फटीत वाचायचो. वरून सगळं घर दिसायचं: आईचा हात परातीत, काकांची टक्कल, दारातला भाजीवाला. मला कुणी हाक मारली तरी मी आहे कुठे ते चटकन कळायचं नाही. संध्याकाळी गाद्या घालायला घेतल्या की माझं संस्थान बरखास्त. काकू एकेक गादी ओढायची आणि मी खाली खाली येत जमिनीला लागायचो, तरी पुस्तक हातात.

सांगायचा मुद्दा, @रोखठोक, तंबू आम्हालाही लागायचा. आम्ही तो गाद्यांचा केला.

जाता जाता, ज्यांना जमेल त्यांनी मुलांना महाबळेश्वरजवळच्या भिलारला न्यावं. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं, सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडली होती. बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत. ओसरीवर पुस्तकं, आत कुणाचा तरी स्वयंपाक चाललेला. माझी नात तिथे एका घराच्या पायरीवर दोन तास बसली, त्या घरचं मांजर मांडीवर घेऊन. पुस्तक कुठलं होतं ते तिला आठवत नाही. मांजराचा रंग आठवतो.

पडवीतला_मास्तर | १६ जून, रात्री ८:१०

मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, पहिली-दुसरी. आमच्याकडे वन बीएचके हा शब्दच नाही. बऱ्याच घरांत एकच खोली, खिडकी नावाला, त्यात चुलीचा धूर. दिवसाही आत वाचता येत नाही. मुलं उंबऱ्यात बसतात. अर्धं अंग आत, अर्धं बाहेर, पुस्तक बाहेरच्या उजेडात. मी घरभेटीला गेलो की पहिल्यांदा उंबऱ्यातलं पोरगंच दिसतं. ऊन सरकलं की तीही सरकतात. सकाळी दारात, दुपारी लिंबाखालच्या बाजेवर, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर.

पालकसभेत मी एकच मागतो. उंबऱ्यात बसलेल्या लेकराला "वाटेतून उठ" म्हणू नका. पोत्याचं एक बस्कर करून त्याला द्या, ते जिथे टाकील तिथे त्याची जागा. गेल्या वर्षी आयांनी जुन्या लुगड्यांची चौकोनी बस्करं शिवली, प्रत्येकावर नावाचं पहिलं अक्षर. आता भांडणं बस्करावरून होतात. चालायचंच.

दुसरी अडचण जागेहून मोठी आहे. पुस्तक घरी द्यायचं म्हटलं की आया घाबरतात, "फाटलं तर भरून द्यावं लागंल." मग ते पत्र्याच्या पेटीत, कुलूप. मी सांगून टाकलंय, फाटलं तर चिकटपट्टी माझी. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ पुस्तकं परवडतात, ती फिरवतो. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवलेत. त्यातली चार-चार पानं छापून, टाचून देतो. टाचलेल्या पानांना कुणी भीत नाही. म्हशीच्या पाठीवर बसून वाचलेली आहेत त्यांनी, माझ्याकडे फोटो आहे.

टेबलाखाली | १६ जून, रात्री ११:३५

नावावरून ओळखलंच असेल. आमचा मुलगा सात वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. त्याची जागा जेवणाच्या टेबलाखाली.

सुरुवातीला आम्हीही छान रंगीत कोपरा केला होता. रंगीत उशा, त्यावर टिकल्या, भिंतीवर चित्रं. तो तिथे गेला की कानांवर हात ठेवायचा. कारण समजायला दोन महिने लागले. जुन्या ट्यूबचा चोक गुणगुणत होता! आपल्याला तो ऐकूही येत नाही. ट्यूब बदलली. टिकल्यांच्या उशा काढल्या, सुती खोळी घातल्या आणि आतल्या शिवणीवरची कंपनीची पट्टी कापून टाकली. तीही टोचायची.

मग टेबलाला तीन बाजूंनी गडद निळी चादर लावली, चौथी बाजू उघडी, माझ्या खुर्चीकडची. आत दोन लोड, त्यांच्या मधोमध तो घट्ट रुतून बसतो. दाब मिळाला की तो शांत होतो. आत शिरायचं असेल तर टेबलावर दोन टिचक्या मारायच्या आणि त्यानं टिचकी परत दिली तरच डोकावायचं. पाहुण्यांनाही हाच नियम. तिथे तो रेल्वेचं एक जुनं वेळापत्रक वाचतो. पानं सुटलीत, पण त्याला कुठलं पान कुठे ते माहीत आहे.

एकच सांगते, सगळ्यांनाच. त्या जागी मुलाला शिक्षा म्हणून पाठवू नका. आमच्या एका नातेवाइकांनी एकदा रागावून "जा, बस तुझ्या टेबलाखाली" म्हटलं, तर तीन आठवडे तो तिकडे फिरकला नाही.

चौथामजला | १७ जून, सकाळी ९:००

@टेबलाखाली, टिचकीचा नियम वाचून गलबलले. मी आजवर कपाटाजवळून जाताना दर वेळी तिच्या डोक्यावरून हात फिरवत "काय वाचतेस?" विचारत आले. आज काहीच न बोलता गेले. तिनं मान वर केली नाही, पान उलटलं.

@सुतारपक्षी, दार बाहेर उघडतं, त्यामुळे बोटांची भीती नाही. पाट ठेवला पायाखाली. आता नवीन भानगड. पुस्तक गुडघ्यांवर ठेवून ती फार वाकते. डोळस यांचा कोपराचा पूल तीन मिनिटं टिकतो.

खारावारा | १७ जून, दुपारी ४:२०

डिचोलीहून. आमचं घर जुनं, त्याला बाल्कांव आहे. दाराबाहेर छपराखालची बैठक, दोन बाजूंना सोपे, म्हणजे बांधलेली बाकं. अर्धं गोवं तिथेच बसून म्हातारं झालं. माझी दोन्ही मुलं तिथेच वाचतात, एक या सोप्यावर, एक त्या. वाटेवरून जाणारा प्रत्येक जण विचारतो, "कितें वाचता रे?" आणि थोरला प्रत्येकाला नवीन उत्तर देतो.

पण जून ते सप्टेंबर बाल्कांव बंद. तिरपा पाऊस आत येतो, आणि पुस्तकं पापडासारखी वाकतात. त्या चार महिन्यांसाठी आमची जागा स्वयंपाकघरात, कणगीशेजारी, तिथे कोरडं असतं. पावसाळ्यात पुस्तकं भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं सोडा. उघडीप मिळाली की पानं फडफडवून वारं द्या, कडक उन्हात टाकू नका. कसरीसाठी सुकलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे. लहान मुलं असलेल्या घरात पुस्तकांत डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नका. पांढऱ्या, गोल, पेपरमिंटसारख्या दिसतात. मुलं तोंडात घालतात आणि ते विष आहे. जी-सिक्स-पीडी हे रक्तातलं एन्झाइम कमी असलेल्या मुलांच्या तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

@चौथामजला, वाकण्यावर उपाय तुमच्या घरात असेल. पोथी वाचायची ती लाकडी, घडीची, फुलीसारखी उघडणारी? पुस्तक तिरपं राहतं, मान सरळ राहते.

चौथामजला | १७ जून, संध्याकाळी ६:१०

ठवणी! आहे, सासूबाईंची आहे. शिसवी, त्यांच्या माहेरची. रोज सकाळी त्यावर पोथी असते. विचारायची हिंमत करते.

चौथामजला | १७ जून, संध्याकाळी ६:५५

विचारलं. उत्तर: "पोथीच्या ठवणीवर ससोबाची गोष्ट? आणि ती पण चपलांवर बसून?"

दूरदेशी | १७ जून, रात्री ११:०५

हाहा. सासूबाईंचा मुद्दा बिनतोड आहे.

आम्ही श्टुटगार्टला. इथे डिसेंबरात साडेचारला काळोख होतो, त्यामुळे घरभर दिवे आणि प्रत्येक खिडकीखाली हीटर. लेक हीटरला पाठ लावून जमिनीवर बसतो, मेंढीच्या कातड्यावर. जर्मन पुस्तकं सगळी तिथे. मराठी पुस्तकं मी त्याच कप्प्यात ठेवली होती, वर्षभर त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

मग असं झालं की साताऱ्याहून आई त्याला व्हिडिओ कॉलवर गोष्ट वाचून दाखवायला लागली. हिवाळ्यात इथले चार म्हणजे तिथले साडेआठ, तिचं जेवण उरकलेलं असतं. टॅब स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण नेट तिथेच धड चालतं. प्रत्येक मराठी पुस्तक आम्ही दोन-दोन घेतो, एक साताऱ्यात, एक इथे. ती तिकडे पान उलटते, हा इकडे. कधी तिचं पान पुढे गेलं की हा ओरडतो, "आजी, थांब!" आता मराठी पुस्तकं कायमची त्या टेबलावर, मिठाच्या डबीशेजारी. हीटरजवळ नेऊन ठेवली तर तो स्वतः परत आणून ठेवतो.

रोखठोक | १८ जून, सकाळी ७:३०

@चाळीतला काका, मान्य. आठवलं म्हणून लिहितो. मी बाबांच्या लुनावर बसून वाचायचो, स्टँडवर लावलेल्या. पुढे हँडलवर पुस्तक. बाबा ऑफिसला गेले की जागा गेली, म्हणून फक्त रविवारी. टीव्हीचं म्हणणं मागे घेतो. हेडफोन सुचवतो, आजींना ब्लूटूथवाला.

चौथामजला | ६ जुलै, रात्री १०:१५

अपडेट द्यायला उशीर झाला, शाळा सुरू झाली.

हेडफोन आणला. सासूबाईंनी दोन दिवस घातला आणि "कान उकडतात" म्हणून काढला. पण त्या दोन दिवसांत एक कळलं. टीव्हीचा आवाज बंद होता तरी पोरगी कपाटावरच होती. म्हणजे भांडण टीव्हीशी नव्हतंच.

कपाट भिंतीला पक्कं केलं. गादी भरून घेतली, खोळ माझ्या जुन्या नारायण पेठीची. मसाल्याची मांडणी प्लग घालून लावली, पाच पुस्तकं तोंड दाखवून उभी आहेत. दिव्याचं डोळस यांनी सांगितलं तसं केलं, बाजूच्या भिंतीवर. डोळेही तपासून आणले, नंबर नाही.

ठवणीचं असं झालं. गेल्या गुरुवारी सकाळी सासूबाई पोथीला बसल्या आणि चष्मा सापडेना. पोरगी तिथे घुटमळत होती. तिला म्हणाल्या, "बघ गं, इथे काय लिहिलंय." तिनं बोट ठेवून "श्री… ग… णे… शा…" करत एक ओळ काढली. अर्धा तास लागला. चष्मा नंतर त्यांच्याच डोक्यावर सापडला, तो सापडत नव्हता की काय ते मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी त्या स्वतः स्टेशनजवळच्या पूजेच्या दुकानातून एक साधी लाकडी ठवणी घेऊन आल्या. एकशे ऐंशी रुपये. एका पायावर त्यांनी हळदी-कुंकू लावलंय, त्यामुळे तिच्यावर ससोबा चालतो. कपाटावर गादी, गादीवर पोर, मांडीवर उशी, उशीवर ठवणी. मान बऱ्यापैकी सरळ.

अजून एक, जे मला कुणी सांगूनही खरं वाटलं नसतं. समोरच्या फ्लॅटमधला पहिलीतला मुलगा आता जिन्याच्या पायरीवर येऊन बसतो, जाळीच्या पलीकडे. पाठीला पाठ. मधे फक्त सेफ्टी डोअर. तो त्याचं वाचतो, ही हिचं, आणि मधेच ही जाळीतून विचारते, "तुझ्यात कोण मेलं?" कालपासून मांडणीतलं एक पुस्तक कमी आहे, ते बहुधा समोरच्या घरात आहे.

तंबू नणंदेला पाठवायचा म्हटलं, तर तिचाही पडून आहे म्हणाली. माळ्यावर टाकला.

राहता राहिली एक गोष्ट. सासूबाईंची अट होती, ठवणी ज्याच्यावर त्याच्यात चपला नकोत. म्हणून कपाट रिकामं केलं, आत तिची उरलेली पुस्तकं भरली. तेव्हापासून चार माणसांच्या अकरा जोड चपला हॉलमध्ये दाराशी पसरल्या आहेत, त्यात पावसाळी वेगळ्या, ओल्या. आज नवरा कॉलवर बोलत बोलत बाहेर आला आणि अडखळून पडता पडता वाचला.

तर मंडळी, वन बीएचकेमध्ये चपला कुठे ठेवता?